गोबरगॅसला फिनाईल पाजलं

मी गोबरगॅस बोलतोय. शेंद्र्याजवळच्या वस्तीवर, साहेबरावाच्या घरामागं गळ्यापर्यंत पुरलेला. वर लोखंडी टोपी तेवढी दिसते. गॅस भरला की ती वर येते, संपला की बसते.

जन्मापासून शेण खाल्लं. साहेबराव कंपनीत लागला, जनावरं विकली, सिलिंडर आणला. मग मला कोण विचारतो? माणूस असाच.

पुढं सिलिंडर महागला, चूल पुन्हा सरपणावर आली. साहेबरावाच्या बायकोनं, सत्यभामानं, कोंबड्यांची शेड टाकली. विष्ठेचे ढीग लागले. माशा थेट शेजारच्या नानासाहेबाच्या ताटात.

"वहिनी, हे थांबवा, नायतर शेड बंद पाडतो!"

सत्यभामानं ती विष्ठा पाण्यात कालवून माझ्या तोंडात ओतली. मी हबकलोच! म्हातारपणी हे खायचं? पण खरं सांगतो, माल शेणापेक्षा कडक. टोपी टम्म वर, चुलीत निळा जाळ. माशा हटल्या, सरपणाची तोड थांबली, माझ्यातून बाहेर पडणारी मळी रानाला खत झाली. ढिगातून सुटून हवा नासवणारा गॅस चुलीत जळू लागला.

मग महालक्ष्म्या आल्या. सासू साळूबाई अडली. "देवीचं पुरण कोंबडीच्या घाणीवर? इटाळ नाय व्हायचा?"

"आत्याबाई, जाळाला कसला इटाळ?"

म्हातारी ऐकती व्हय? गुपचूप आली अन् फिनाईलचा अख्खा कॅन माझ्या नरड्यात रिकामा केला!

गॅस करणारे जंतू पोटातच मेले. होता तेवढा गॅस सरला, टोपी बसली ती बसलीच. पुरणाची डाळ अर्धकच्ची. शेडमागं पुन्हा ढीग, पुन्हा माशा. नानासाहेब कडाडला, "आता पंचायतीतच जातो!"

सत्यभामानं रिकामा कॅन उचलला. "आत्याबाई, काय पाजलं याला?"

"शुद्ध केलं बाई. आपण मोरी नाय का धुत?"

मी अजून सुन्न आहे. मोरी म्हणे!

साहेबरावानं मला उपसून धुतलं. आता पोटात पुन्हा जंतू वाढवायला विरजण म्हणून ताजं शेण हवं, अन् वस्तीत गाई उरल्या फक्त नानासाहेबाकडं. साळूबाई पाटी घेऊन त्याच्याच गोठ्यात गेली.

"नाना, शेण दे."

"शेड बंद पाडायला निघालोय मी. शेण कशाला देऊ?"

"नको देऊ. माशा खा."

नानानं स्वतःच पाटी भरून दिली.

ते विरजण सध्या पोटात मुरतंय. टोपी हललेली नाही. म्हातारी रोज टोपीला कान लावते, "गुडगुडतंय का रं?"

थोडा दम धर की, बाई!

अन् तुम्हीबी ऐका. मला घाण द्या, कितीबी द्या, मी जाळ देतो. तेवढी माझी स्वच्छता करू नका.