गाळणी

“बस.”

स्पीकरमधून तिचाच आवाज आला आणि बाबांच्या तोंडाशी नेलेला चमचा तिनं ताटलीत परत ठेवला. तालमीला उशीर झालाच होता. ती वळली, तसे बाबांनी डोळे मिटले.

आत्यानं ताटलीत डोकावून पाहिलं. मऊ भात जेमतेम हलला होता.

“आजही एवढंच?”

“त्यांनीच बस म्हटलं ना. कोंबू का आता?”

“दादा कधी अर्ध्या ताटावरून उठला नाही गं. उद्या डॉक्टर येतील आणि नाकातून नळी घालतील, बघ.”

तिनं घड्याळ पाहिलं आणि बॅग उचलली.

बाबांची वाचा गेली तेव्हा हे सगळं तिनंच जुळवलं होतं. नाटकांचं ध्वनिसंयोजन हे तिचं काम. संगणकाच्या पडद्यावर चौकोन मांडायचे, तारांनी जोडायचे, की आवाज वाहू लागतो. बाबांच्या मांडीवर बटणांची पाटी, एकेका बटणाला तिच्या आवाजातला एकेक शब्द. भराभर दाबले की शब्द एकमेकांवर आदळायचे, म्हणून तिनं त्यांना रांगेत उभं केलं. थरथरत्या हातानं भलतीच बटणं लागायची, म्हणून मध्ये गाळणी बसवली. जेवताना फक्त जेवणाचे शब्द पुढे जायचे: पाणी, मीठ, गरम, बस. बाकीचे तिथेच गळून पडायचे. घर कसं शांत झालं होतं, आणि बाबा वाळत चालले होते. त्यांनी जगणंच आवरतं घेतलंय, असं तिला वाटायचं. ते आपल्याच आवाजात ऐकावं लागतं, याची तिला चीड यायची.

संध्याकाळी ती पुन्हा ताटली घेऊन पलंगाशी उभी राहिली. दोन-चार घास गेले. पडद्यावर गाळणीशेजारचा लाल ठिपका लुकलुकला. काहीतरी गळलं होतं. पाठोपाठ आवाज आला, “बस.”

तो ठिपका रोजचाच होता. थरथर म्हणून तिनं त्याच्याकडे कधी लक्षच दिलं नव्हतं. आज मात्र तिची नजर बाबांच्या हातावर होती. हात अजिबात थरथरत नव्हता. बोट सावकाश एका बटणावरून उठून दुसऱ्यावर गेलं होतं.

ताटली बाजूला ठेवून तिनं पडद्यावर गाळणीच्या गळतीला एक तार जोडली आणि ती स्पीकरपर्यंत ओढली.

“बाबा, परत म्हणा ना.”

बोट हललं.

“इथे,” तिचा आवाज म्हणाला. ते बटण तिनं दुखरी जागा दाखवायला दिलं होतं. मग रांगेतला पुढचा शब्द आला, “बस.”

पलंगाशेजारच्या खुर्चीत तिच्याच वायरींची भेंडोळी पडली होती, कधीपासून कोण जाणे. ती तिनं खाली ढकलली आणि खुर्ची ओढून ती बसली. भात गार झाला होता. बाबांनी तोंड उघडलं.

बऱ्याच घासांनंतर त्यांनी एकच बटण दाबलं.

“बस.”

तिनं चमचा खाली ठेवला. उठली मात्र नाही.