रेणूच्याच हाती बंद पडणारी गाडी

गाडी माझ्या पोराच्या, इंद्रकुमारच्या, हाती कधी बंद पडत नाही, मेकॅनिकच्या हाती पडत नाही, फक्त माझ्या सुनेच्या हाती पडते, हे आमच्या केशोरी गावभर झालं तेव्हा माझं डोकं फिरलं. रेणूला बोलायचं तर मी बोलीन. भाजीत मीठ विसरते, मी बोलते. कपडे असे वाळत घालते की जसे वाऱ्यानं आणून टाकले, मी बोलते. पण पानठेल्यावर बसलेल्या रिकामटेकड्यांनी माझ्या सुनेच्या हाताला नावं ठेवायची? त्यांना हा हक्क कोणी दिला?

गाडी जुनी, हे मला कबूल आहे. रंग उडाला, एक दार आतून उघडत नाही, काच अर्ध्यावरच अडकते. तरी रेणू तीच घेऊन रोज अर्जुनीला जाते. तिथं तिचं शिलाईचं दुकान आहे. ब्लाऊज असा शिवते की बाया पार नवेगाव बांधाहून येतात. बस आपल्या मर्जीची, कधी येते, कधी येत नाही. गाडी आहे म्हणून दुकान आहे.

आणि गाडीची खोड अशी की कधी पंधरवडाभर शहाण्यासारखी चालायची आणि एक दिवस भर जंगलात मुकी व्हायची. रेणू बिचारी उतरायची, फोन करायची. इंद्रकुमार शेतातून मोटारसायकलवर जायचा, आत बसायचा, चावी फिरवायचा आणि गाडी सुरू! मग तो बायकोकडे बघायचा. बोलला असता तर बरं झालं असतं, मी उलटं बोलले असते.

खेमराज मेकॅनिकनं बॅटरीचे टर्मिनल घासले, फ्यूज बदलले, प्लग बदलले. नवेगाव बांधापर्यंत चालवून आणली आणि मला म्हणाला, "काकू, गाडी एकदम मक्खन. वहिनी क्लच बराबर सोडत नसन."

"तू तुह्या बायकोले शिकव क्लच," मी म्हटलं. "थे सायकलवरून पडते."

मग एका सकाळी चहा पिता पिता इंद्रकुमारनं सांगितलं की जुन्या गाड्या घेणाऱ्या आमगावच्या मुन्नालालशी बोलणं झालं आहे. रविवारी येऊन गाडी घेऊन जाणार.

रेणूनं कप खाली ठेवला. ती गोंदियाची पोरगी, चिडली की हिंदीत जाते. "और मेरी दुकान?"

"बसनं जाजो."

"बस दहा बजे तक नहीं आती. ग्राहक काय माझी वाट पाहत उभे राहतील? दुकान बंद करावं लागेल, असं साफ बोला ना."

"मंग तुह्याच हातात काऊन बंद पडते? मले सांग!"

ती उठून आत गेली. पण मी गप्प बसणारी बाई नाही.

"रविवारपर्यंत गाडी कोठी जात नाही," मी म्हटलं. "मी बसन तिच्यासंगं. पाहतो मी काय होऊन राहिलं तं."

"माय, तुले गाडीतलं काय समजते?"

"तुले समजते ना? मंग तूच काऊन नाही शोधून राहिला?"

मी चौथी शिकलेली. पण घरात दूध फाटलं तर मला समजतं की दुधाचा दोष, भांड्याचा का हाताचा. एकेक बदलून पाहायचं. सगळं एकदम धुऊन काढलं तर काहीच समजत नाही. आणि या गाडीचं नेमकं तेच होत होतं. आमच्याकडे रस्त्यात गाडी थांबली की माणसं धावतात. एक बोनेट उघडतो, एक वायरी हलवतो, चौघं धक्का मारतात. प्रेमानंच करतात, पण खोड पळून जाते. खेमराज येईपर्यंत पाहायला काही उरतच नाही. म्हणून मी ठरवलं, या वेळेस गाडी बंद पडली की कोणाला बोट लावू द्यायचं नाही.

शुक्रवारी मी पुढे बसून अर्जुनीला गेले. गाडी मुद्दाम नीट चालली. दिवसभर दुकानात बसून बायांच्या मापांवर बोलले, संध्याकाळी परत. इंद्रकुमार दारात उभा. "काय निघालं?"

"काय निघन? आज गाडी शहाणी होती. सरक बाजूले."

शनिवार शेवटचा दिवस. मोहफुलांचे दिवस होते, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बाया टोपल्या घेऊन वाकलेल्या. नाल्याच्या उतारावर एकदम म्हशी आडव्या आल्या. रेणूनं कचकन ब्रेक मारला. म्हशी गेल्या. गाडी मेली.

तिनं दाराला हात घातला.

"उतरू नको!"

"आई, फोन..."

"बसल्या बसल्या कर. खेमराजले लाव. हात, पाय, काहीच हलवू नको. जशी आहेस तशी राह."

झालं, माणसं आलीच. एक ट्रॅक्टरवाला उतरला, मागून दोन पोरं. "धक्का देऊ का, माय?"

"खबरदार! हात लावला तं हात तोडन."

"आम्ही मदत करून राहिलो ना!"

"थेच नको. जा तुम्ही. देवाले मदत करा."

ट्रॅक्टरवाला मोहफुलं वेचणाऱ्या बायांना म्हणाला, "बुढीचं डोकं तापलं वाटते." मला ऐकू आलं. मी काच अर्ध्यापर्यंत खाली घेतली, पुढे ती जात नाही, आणि त्या अर्ध्या काचेतून त्याच्या बापापर्यंत पोचले. गेला मग.

आम्ही दोघी भट्टीत बसल्यासारख्या बसलो. रेणूचं पोट स्टेअरिंगला लागलेलं, घाम गळत होता. मी पदरानं तिला वारा घातला. म्हटलं, "हे कोणाले सांगू नको." ती त्या गर्मीतही हसली.

खेमराज आला तो गडबडीतच. "वहिनी, उतरा, मी पाहतो."

"थे उतरणार नाही. थे बसलेली असतानाच पाह."

"काकू, असं कसं?"

"अशीच बंद पडते ना? मंग अशीच पाह. तुले जागा पाहिजे असन तं खाली झोप."

तो बडबडत कामाला लागला. बोनेट उघडून पाहिलं, बॅटरी पाहिली, सगळं ठीक. मग मागचं दार उघडून सीटजवळ कान नेला. "वहिनी, चावी फिरवा. फक्त एक घर." रेणूनं फिरवली. त्याचा चेहरा बदलला. "पंपाचा आवाज नाही. पेट्रोलचा पंप मागे हाय, चावी फिरवली का घूं करते. आज मुका हाय. काकू, पंपाले करंटच जाऊन नाही राहिला!" पहिल्यांदा त्याला खोड तिच्या जागेवर सापडली होती. तो इतका खूश झाला की जसं गुप्तधन सापडलं. "पण करंट कोठी तुटला?"

रेणू रडकुंडीला आली होती. "आई, माझे गुडघे मोडले. सीट तरी मागे घेऊ का? ब्रेक मारला तेव्हापासून अशी दबून बसली आहे मी."

"काय म्हटलं?" खेमराजनं मान बाहेर काढली.

"ब्रेक मारला की सीट एक घर पुढे सरकते. नेहमीच. उतरायला मागे ढकलावी लागते."

"मंग हे आधी काऊन नाही सांगितलं?"

"किसी ने पूछा?" रेणू म्हणाली.

खरंच कोणी विचारलं नव्हतं. मीही नाही. सगळ्यांनी तिला गाडीबद्दल इतकं ऐकवलं होतं की तिला विचारायचं राहूनच गेलं.

"चावी तशीच ठेवा," खेमराज हळू आवाजात म्हणाला. "आता सीट मागे घ्या."

रेणूनं सीट मागे ढकलली. पाठीमागून आवाज आला, घूंऽऽ.

"पुढे घ्या." गप्प.

"मागे." घूंऽऽ.

खेमराज सीटखाली हात घालून गालिचा वर करायला लागला. आता मी त्याला अडवलं नाही. सीट ज्या पट्टीवर सरकते तिचे पुढचे दाते घासून गेले होते. उंच माणूस सीट मागे घेऊन बसतो, त्याची सीट पक्की राहते. रेणू ठेंगणी, पुढे घेऊन बसते, तिची सरकते. आणि सरकली की सीटचा पाय नेमका एका वायरीवर बसत होता, पंपाचा करंट तिथंच तुटत होता. उतरताना तिनं सीट मागे ढकलली की वायर मोकळी. मग येऊन बसणारा हुशार.

"काकू, इथं जोड हाय," खेमराज म्हणाला. "उंदरानं कुरतडली असन कधीतरी. कोणीतरी नुसती पिळून टेप गुंडाळली. माहं काम नव्हे हे."

टेप मी ओळखली. विहिरीच्या मोटारीच्या वायरीला आमच्या शेतात तीच गुंडाळलेली आहे, हिरवी. मागच्या साली इंद्रकुमारनं गाडीत धानाची पोती ठेवली होती, त्यात उंदीर शिरला होता. मी पोराला फोन केला आणि म्हटलं, "ये बापा, तुही बायको अडकली."

तो आला, खेमराजच्या हातातली टेप बघितली आणि कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "मले वाटलं पक्की केली होती."

"वाटलं," मी म्हटलं. "आता मुन्नालालले फोन लाव."

"संध्याकाळी सांगतो ना, माय."

"आत्ता. आणि आवाज मोठा ठेव, रेणूले ऐकू आला पाहिजे."

लावला. मुन्नालाल तिकडून हसतच बोलला, "काऊन जी, वहिनीचा हात सुधरला का?"

इंद्रकुमारनं माझ्याकडे पाहिलं. मी नाल्याकडे पाहत राहिले. हे उत्तर मी देणार नव्हते.

"तिचा हात ठीकच होता," तो म्हणाला. "वायर म्या जोडली होती. खराब जोडली. गाडी विकाची नाही."

खेमराजनं जोड कापून नवा केला, वायर पट्टीपासून दूर बांधली आणि सीट जिथं ठेवू तिथं पक्की बसावी म्हणून तिच्या खटक्यात तात्पुरता बोल्ट बसवला. रेणू बसली, चावी फिरवली, गाडी सुरू झाली. तिनं उतारावर मुद्दाम जोरात ब्रेक मारून पाहिला. एकदा, परत एकदा. गाडी घुरघुरत उभी राहिली. तिसऱ्यांदा मारला तेव्हा माझं डोकं समोर आदळलं.

"बस झालं वो! मले मारून टाकतेस का?"

"चेक कर रही थी, आई."

इंद्रकुमार खिडकीजवळ आला. "मी चालवू का अर्जुनीपर्यंत? थकली असशील."

रेणूनं त्याच्याकडे बघून सीट एक घर अजून पुढे घेतली. "तुम्ही शेतात जा," ती म्हणाली. "माझे ग्राहक थांबले आहेत." आणि गिअर टाकला.