पाठ असलेला नंबर

बबी वेबसाइट बनवते. वय चाळिशीला टेकलं, पण मावशीने लहानपणी ठेवलेलं हे नाव काही सुटलं नाही. दहा वर्षं याच कामावर तिचं पोट आहे, आणि दहा वर्षं तिची एक खोड आहे. कच्च्या पानावर फोन नंबराची जागा आली की ती मावशीच्या घरचा नंबर टाकते. दुसरा पाठच नाही हो! नवऱ्याचा विचारा, मोबाइल शोधायला लागेल. हा मात्र झोपेतून उठवलं तरी घडाघडा सांगेल. पान पक्कं करताना खरा नंबर घालायचा, झालं. आजवर कधी चुकलं नव्हतं.

त्या दिवशी चुकलं. आणि चुकावं कुठे, तर अँब्युलन्सवाल्याच्या साइटवर!

साइट सुरू करण्याआधी प्रत्येक पान उघडून प्रत्येक बटण दाबून बघायचं, हा तिचाच नियम. पण त्या सकाळी चहाबरोबर सहज म्हणून एक व्हिडिओ लावला. एक माणूस चिखलाने बरबटलेला गालिचा धुतोय. मग दुसरा गालिचा. मग तिसरा. गालिच्यांच्या नादात पाऊण तास गेला, नऊ वाजले, आणि बाईंनी बटणं न दाबताच साइट सुरू करून टाकली. साडेदहाला नव्या गिऱ्हाइकाला नमुना दाखवावा म्हणून तिने ती मोबाइलवर उघडली आणि 'तातडीने बोलवा' हे लाल बटण दाबलं. स्क्रीनवर मावशीचा नंबर आला.

नंबर बदलायला अर्धं मिनिट लागलं. पण ज्यांनी पान आधीच उघडलंय त्यांच्याकडे जुनाच दिसणार, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक? कुणाचा तरी बाप जमिनीवर पडलाय, आणि फोन वाजतोय कुठे, तर एका कानाने कमी ऐकणाऱ्या शहात्तर वर्षांच्या म्हातारीकडे! घाबरून तिलाच काही झालं तर? बबीने नंबर लावला. एंगेज. पुन्हा लावला. एंगेज. तिसऱ्यांदा लावण्याआधी अंगठ्याने आपसूक गालिचेवाला उघडला, तेव्हा तिला स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली. तिने स्कूटरची किल्ली उचलली आणि धावत सुटली.

पंधरा मिनिटांची तर वाट. सिग्नलला थांबल्यावर आपण मावशीकडे शेवटचं कधी गेलो होतो ते तिने आठवून पाहिलं. आठवेना.

दार सताड उघडं होतं. मावशी खुर्चीच्या कडेवर बसलेली, रिसीव्हर चांगल्या कानाला गच्च लावलेला. शेजारीण मोबाइल घेऊन बाजूला उभी. बबीने तोंड उघडलं तशी मावशीने डोळे वटारले.

"रडायचं नंतर, बाई," मावशी फोनवर सांगत होती. "आधी दाराची कडी काढ. काढलीस? आता त्यांचं शर्टाचं बटण सोड. श्वास चाललाय ना? नीट बघ. गाडी निघालीय. मी आहे इथेच, फोन ठेवत नाही."

"दुसरा मजला, निळी इमारत," शेजारीण मोबाइलवर म्हणाली. तिने बबीला चार बोटं दाखवली. गाडी पोचायला चार मिनिटं.

ती चार मिनिटं काही केल्या संपेनात. तिकडची बाई नवऱ्याचे श्वास मोजत होती आणि मावशी इकडे तिच्याबरोबर आकडे म्हणत होती. एकदा मावशी मध्येच थांबली आणि बबीचा जीव टांगणीला लागला. मग आकडे पुन्हा सुरू झाले. शेवटी रिसीव्हरमधून पावलांचा धडधडाट ऐकू आला.

"आले? शुद्धीवर आहेत? बरं, जा तू." मावशीने फोन ठेवला आणि कपाळावरचा घाम पुसला. "सकाळपासून तिसरा. कुठल्या गाढवाने माझा नंबर दिलाय कोण जाणे."

"ते गाढव मीच गं, मावशी." बबीने सगळं सांगून टाकलं, गालिच्यांसकट.

"कुणाचे गालिचे?"

"माहीत नाही."

"मग तुला काय करायचं होतं?"

लाजेने बबीचे कान तापले. "पण अँब्युलन्सचा नंबर तुला मिळाला कुठून?" तिने विचारलं.

शेजारणीने फोनच्या वर, भिंतीकडे बोट केलं. बबीने मघाशी साइटवर टाइप केलेला अँब्युलन्सचा खरा नंबर तिथे पेन्सिलने ठसठशीत लिहिला होता. खाली दोन तारखा. एक गेल्या हिवाळ्यातली, एक दोन महिन्यांपूर्वीची.

"यांना दोनदा हॉस्पिटलात न्यावं लागलं," शेजारीण म्हणाली. "तुम्हाला कळवू म्हटलं, तर ऐकेचनात."

"मला का नाही सांगितलंस?" बबीला रडूच फुटलं.

"केला होता की फोन, पहिल्या वेळी. तू म्हणालीस, पाच मिनिटांत करते." मावशीच्या आवाजात राग नव्हता. "हे लोक दहा मिनिटांत येतात."

फोन पुन्हा वाजला. मावशी गुडघ्यावर हात टेकून उठायला लागली. बबीने तिला खांदा धरून खाली बसवलं, पेन्सिल घेतली आणि रिसीव्हर उचलला.

"पत्ता सांगा," ती म्हणाली.