चिमणीचं वजन

वजनकाट्यावर चढवण्याआधी ताईने चिमणीचे बूट काढले, स्वेटर काढला, केसांतली पिनसुद्धा काढून घेतली. नर्स म्हणाली, राहू द्या हो, पिनेने काय हत्ती होणार आहे ती? ताई हसली नाही. माझी ही बहीण लॉन्ड्रीत दिवसभर चादरींना इस्त्री मारते आणि एरवी सगळ्या जगाची टिंगल करते. पण या खोलीत आली की तिची दातखीळ बसते.

चिमणी म्हणजे तिची दहा वर्षांची लेक. आजार जन्माचा, आईबापाकडून आलेला. अंगातली एक चरबी विरघळतच नाही, पाणथरीत, म्हणजे प्लीहेत, साचत राहते. मध्यंतरी पोट नगाऱ्यासारखं झालं होतं. मग दर पंधरवड्याला सलाईनमधून औषध सुरू झालं आणि पोरगी माणसात आली. औषध आमच्या आवाक्याबाहेरचं; ते एक समिती फुकट देते, आणि तपासण्या बघून पुढे द्यायचं की नाही ते ठरवते.

डॉक्टरीणबाईंनी आजचे रिपोर्ट पाहिले. रक्त सुधारलेलं, पाणथरी निम्म्यावर आलेली. मग वजन-उंचीच्या तक्त्यावर त्यांचं बोट थांबलं. सहा महिने काटा जागचा हलला नव्हता. वाढत्या वयात मूल वाढत नसेल तर औषध लागू पडत नाही असंच समिती धरेल आणि बंद करेल, असं त्यांनी सांगितलं. औषधाविना चिमणीचं काय होतं, ते आम्ही पाहिलं होतं.

ताई मान खाली घालून पर्सच्या बंदाला पीळ देत बसली. मला राग आला. बोल की काहीतरी, म्हणून मी तिला कोपराने ढोसलं.

"औषधाचा दोष नाही," ती म्हणाली. "मीच तिला पोटभर देत नाही."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "का?"

"औषध वजनावर मोजून देतात ना? वजन वाढलं की बाटली वाढणार. आहेत त्याच कशाबशा मिळाल्यात. जास्त मागितल्या आणि त्यांनी हातच वर केले तर? म्हटलं, आहे त्यात भागवू."

आणि पोरीचं ते मोजकं खाणं मी इतके दिवस पथ्य समजत होते! तिच्या एक मुस्काटात ठेवून द्यावी आणि तिला पोटाशीही धरावं, असं मला झालं.

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. वजन वाढेल तशी बाटली वाढवून मागणं हे माझं काम, तुमचं नव्हे, असं म्हणाल्या. समितीला खरं काय ते लिहीन, दोन महिन्यांनी पुन्हा वजन करू. पण समितीच्या वतीने शब्द मला देता येणार नाही, असंही त्यांनी सांगितलं.

खाली कॅन्टीनमध्ये मी चिमणीसाठी ब्रेड-आमलेट मागवलं. तिने अर्धं खाल्लं आणि कुणी न सांगता बशी आईकडे सरकवली. ताईने ती परत तिच्यापुढे ठेवली.

"खा, बाळा."

चिमणीने आधी माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे.

"अगं, वजन वाढेल ना," तिने आईला समजावलं, आणि बशी पुन्हा सरकवली.