काचेतल्या माणसाचं दहावं

गार्गीच्या वागण्याला काही ताळतंत्रच उरलं नव्हतं. बोरीवलीच्या त्यांच्या सोसायटीतल्या सगळ्यांच्या नाती नोकरीला लागल्या, आणि हिला इजिप्तला जाऊन थडगी उकरायची होती! तिच्या बापानं, सुबोधनं, हात झटकले होते. "माझी आई हो म्हणाली तर जा." म्हणून कार्टीनं आजीला रिक्षात कोंबून कांदिवलीच्या एका कॉलेजातलं इजिप्तचं संग्रहालय दाखवायला आणलं होतं. बघायचं आणि नाही म्हणायचं, हे शांताबाई घरूनच ठरवून निघाल्या होत्या.

पण आत शिरल्या आणि त्यांची मती गुंग झाली. समोरच दगडी मांजर.

"देवी आहे ही," गार्गी म्हणाली.

शांताबाईंनी चपला काढून हात जोडले. शेजारी काचेच्या पेटीत पट्ट्यांनी गुंडाळलेला माणूस.

"आणि हा देव?"

"छे गं! कारकून होता. मेला तीन हजार वर्षांपूर्वी."

जोडलेले हात अधांतरीच राहिले. देवीला लागून मढं! आता नमस्कार करायचा की विटाळ धरायचा?

"जाळलं नाही होय याला?"

"जपून ठेवायचे. बाजूच्या मडक्यांत त्याचं जेवण. पाव, खजूर, बिअर."

"मेल्यावर बिअर?" शांताबाईंनी पेटीभोवती एक फेरी मारली, वर छताकडे पाहिलं. नुसते दिवे. "मग कावळा शिवणार कुठून?"

"त्यांच्यात कावळा नसतो, आजी."

"अगं, मग याच्या मनात काय राहिलंय ते कळलं कसं?"

गार्गी पेटीकडे वळली. "नाहीच कळलं."

शांताबाईंना काही उमजेना. त्यांच्या सासऱ्यांच्या पिंडाला कावळा शिवत नव्हता. धाकट्या नणंदेचं लग्न करून देऊ, असं कबूल केलं तेव्हा कुठे शिवला. त्या काचेजवळ वाकल्या. "बाबा रे, तुझ्या पोराबाळांचं आम्ही बघू हो," असं पुटपुटल्या आणि चपापल्या. कुठली पोरं? तीही मेली असतील की! मागे उभं असलेलं एक जोडपं खुदकन हसलं.

"आजी," गार्गी हळूच म्हणाली, "काय राहिलंय तेच शोधायला खणतात गं."

शांताबाईंनी तिला नखशिखान्त न्याहाळलं. डोक्यातला गोंधळ काही निवळला नव्हता. उलट वाढलाच होता.

"जा," त्या मोठ्यानं म्हणाल्या. "पण नुसती उकराउकर करून आलीस तर याद राख. एकेकाला विचारून यायचं. आणि परत आल्यावर आधी डोक्यावरून अंघोळ, मग माझ्या स्वयंपाकघरात पाय!"