पावलावर पाऊल

मास्तरांच्या बॉक्सिंगच्या हॉलमध्ये सगळेच उलटे उभे राहायचे. बाकीच्या क्लबांतली पोरं त्यावरून टर उडवायची, "आली बघा उलट्या पायांची भुतं!" हात उजवा असेल तर डावा पाय पुढे टाकायचा आणि जोराचा उजवा हात मागे राखून ठेवायचा, ही या खेळाची बाराखडी. मास्तरांकडे मात्र हात कोणताही असो, पुढे उजवाच पाय. कोणी विचारलंच तर म्हणायचे, "आपली पद्धत वेगळी आहे." पद्धत कसली डोंबलाची!

खरं कारण आरशासमोरच्या फरशीवर होतं. तिथे पिवळ्या ऑइलपेंटने दोन पावलं काढलेली होती. ती थोरल्याची, म्हणजे मास्तरांच्या मुलाची. शाळेत होता तेव्हा तो दोन्ही पाय एका रेषेत ठेवायचा आणि जरा धक्का लागला की कोलमडायचा. ओरडून ओरडून मास्तरांचा घसा बसला. शेवटी त्यांनी त्याला आरशासमोर उभं केलं. पायांत खांद्याइतकं अंतर, गुडघे सैल, पुढचा पंजा किंचित आत वळलेला, मागची टाच उचललेली. मग खाली बसून त्याच्या पावलांभोवती ब्रश फिरवला. गुदगुल्यांनी पोरगा इतका हसला, की मागचा अंगठा वाकडाच उतरला. टाच उचललेली होती म्हणून त्या मागच्या पावलाला टाच नव्हतीच. थोरला डावखुरा, म्हणून उजवा पाय पुढे. त्याच्यासाठी ते अगदी बरोबर होतं.

पुढे नोकरीला लागल्यावर एका सकाळी तो मोटरसायकलवरून कामाला निघाला. चौकात ट्रकने उडवला. जागच्या जागी गेला.

तेव्हापासून नवीन येईल त्याला मास्तर त्या पावलांवर उभं करू लागले. त्यांना कळत नव्हतं असं नाही. पण झोपलेल्याला उठवता येतं, सोंग घेतलेल्याला कोण उठवणार? पोरं यायची, हरायची आणि कंटाळून दुसरा क्लब धरायची. टिकली ती फक्त धाकटी.

धाकटी ही मास्तरांची लेक. भाऊ गेल्यावर आईबापांना ती एकटीच उरली, तरी नाव धाकटीच राहिलं. "मला शिकवा," असं ती आपणहून म्हणाली, तेव्हा किती तरी दिवसांनी मास्तर पोटभर जेवले. त्यांनी थोरल्याचे बूट काढले, पुढे कापूस कोंबला आणि तिच्या पायांत चढवले. "पोर भावाच्या पावलावर पाऊल ठेवतेय," असं ते भेटेल त्याला सांगायचे. लोक मान डोलवायचे. त्यांना काय ठाऊक, मास्तर अक्षरशः तेच सांगताहेत!

धाकटी लिहायची उजव्या हाताने, जेवायची उजव्या हाताने, भांडताना बोटही उजवंच नाचवायची. पण आरशासमोर ती बिनतक्रार उजवा पाय पुढे टाकायची आणि मास्तर मागून म्हणायचे, "शाब्बास!"

रविवारी स्पर्धेत ती पडली. जोराचा हात पुढे अडकून बसला होता आणि मागून येणारा डावा ठोसा म्हणजे नुसतं थोपटणं. समोरच्या मुलीचा पाय तिच्या पुढच्या पायावर पडला, सैल बूट वळला आणि ती आडवी झाली. प्रेक्षकांत कोणीतरी फिदीफिदी हसलं.

सोमवारी ती हॉलवर आली ती चपला घालून. बूट तिच्या हातात होते. मास्तर सवयीने म्हणाले, "चल, उभी राहा. काल टाच टेकवली होतीस."

"बाबा, मी उजवी आहे."

"माहीत आहे मला."

धाकटीने बूट बाकावर ठेवले. "माहीत होतं? मला वाटायचं, तुमच्या लक्षातच आलं नसेल. आई चिडायची तेव्हा मी तिला हेच सांगायचे. दादाच्या दुःखात बाबांना सुचत नाही गं, येईल हळूहळू लक्षात."

आता मास्तरांना खोटं बोलून भागणार नव्हतं. "तू तिथे उभी राहिलीस ना, की कमरेपर्यंत तोच दिसायचा."

"आणि कमरेच्या वर?"

शाब्बास म्हणताना आपण कधी मान वर केली होती का, हे मास्तरांना आठवेना.

"मी उद्यापासून पुलापलीकडच्या क्लबात जाणार आहे," ती म्हणाली.

मास्तर तरातरा कपाटाकडे गेले, पत्र्याची पट्टी काढली आणि पिवळ्या पावलांपाशी गुडघे टेकले. आधी तो वाकडा अंगठा खरवडायला घेतला. पट्टी टेकवली, पण हात पुढे सरकेना. धाकटीने खाली वाकून ती पट्टी काढून घेतली.

"राहू दे त्याची. माझी काढता?"

ती शेजारी अनवाणी उभी राहिली. डावा पाय पुढे, उजवी टाच उचललेली. कोणी न शिकवता, अगदी बरोबर. मास्तरांनी खडू घेतला. इतक्या जवळून तिचे पाय त्यांनी ती रांगत होती तेव्हाच पाहिले असतील. दोन्ही टाचांना घट्टे पडले होते, एक नख काळंनिळं झालं होतं. कापसाने बूट मापाचा होत नाही.

"बोलली का नाहीस गं?"

"तुम्ही शाब्बास म्हणायचात ना."

मास्तरांनी तिचा घोटा धरला आणि रेघ पुरी केली. मग तिने चपला घातल्या आणि ती गेली. मास्तर खाली बसूनच राहिले. एक लेकरू ट्रकने नेलं होतं, दुसरं त्यांनी स्वतःच्या हाताने घालवलं होतं.

त्या खडूच्या रेघांवर त्यांनी दुसऱ्या दिवशी पांढरा रंग भरला. आठवड्याने एक नवीन मुलगी शिकायला आली. आरशासमोर दोन जोड बघून ती गोंधळली.

"मास्तर, कुठल्या पायांवर उभी राहू?"

"लिहितेस कोणत्या हाताने, बाळ?"

"उजव्या."

"मग त्या पांढऱ्यांवर."

ती उभी राहिली. मास्तरांनी मान वर करून तिच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. मग शाब्बास म्हणायला गेले, आणि त्यांना रडू फुटलं.