चपलांची रांग

परदेशीपुऱ्यातल्या दवाखान्यात डॉक्टर निवेदितानं मोबाइलवर नंबर लावायची सोय केली. नुकत्याच केलेल्या नेतृत्वाच्या कोर्समध्ये शिकून हाती घेतलेलं हे पहिलंच काम, त्यामुळे बाई भलत्याच खूश होत्या. आता ज्यानं त्यानं आपल्या वेळेला यावं, गर्दीची कटकटच नको!

सकाळी येऊन बघते तर दारापुढे जागा धरून ठेवलेल्या चपलांची नेहमीचीच रांग, आणि चपलांचे धनी ओट्यावर पोहे खात बसलेले.

ती तडकली. "सुलोचनाकाकू, तुमचा नंबर अकरा वाजताचा आहे ना?"

"हो ना, मोबाइलवर लावलाय! पर घरी एकटी बसून काय करू? इथे सगळे भेटतात, मन लागतं."

निवेदिताला वाटलं, बोलावणं न धाडता जमलेली माणसं हाकलायची कशाला? दुसऱ्या दिवसापासून नर्स प्राची ओट्यावरच सगळ्यांचं बीपी बघू लागली. साखरेच्या पथ्याच्या गोष्टीही तिथेच रंगू लागल्या.

एके सकाळी प्राचीनं हटकलं, "मॅडम, तुमचं बीपी कधी बघायचं?"

निवेदिता हसली. तिनं चपला काढल्या आणि रांगेच्या शेवटी नेऊन ठेवल्या.